दोन डोळ्यांसाठी मोठा कॅमेरा

नागपूर-रायपूर महामार्गावर भंडारा मागे पडले की वैनगंगेचा पूल येतो आणि पूल ओलांडला की कारधा. इथे नदीवर दोन पूल आहेत. एक ब्रिटिश काळातला, बुटका, ज्याला सगळे 'लहान पूल' म्हणतात. दुसरा महामार्गाचा, उंच. पावसाळ्यात जिल्ह्याचे कान इथल्या पाणीपातळीकडे लागलेले असतात. २४५.५० मीटर ही धोक्याची रेषा, आणि ती ओलांडण्याच्या आधीच लहान पुलावरची ये-जा थांबवावी लागते. ऑगस्ट २०२० च्या अखेरच्या पुरात मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी उतरले, तेव्हा या पुलांचे फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरले. त्या फोटोंत एक उणीव मात्र सरसकट दिसते. दोन पूल एकमेकांना चिकटतात. मागचा कठडा पुढच्या खांबांवर येऊन बसतो, आणि मधली नदी किती रुंद आहे ते कळत नाही.

ही उणीव भरून काढण्याची युक्ती पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. थोड्या अंतरावरून दोन फोटो घ्यायचे, डावा डाव्या डोळ्याला आणि उजवा उजव्या डोळ्याला दाखवायचा. मेंदू त्यांतून खोली उभी करतो. ही स्टिरिओ छायाचित्रे छोट्या कॅमेऱ्याने काढणे सोपे. पण भात्याचा, काळ्या कापडाखाली शिरून दुधी काचेवर फोकस करण्याचा ४×५ किंवा ८×१० इंची शीट फिल्मचा कॅमेरा त्यासाठी वापरावा का? वापरला तर काय मिळते आणि काय गमावते? हा प्रश्न आज मूठभर छांदिष्टांचा वाटेल. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्याला जुना आणि थोर इतिहास आहे.

अजिंठ्याचा मेजर

चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दोन आरशांचा स्टिरिओस्कोप मांडला, तेव्हा फोटोग्राफी अजून जाहीर झालेली नव्हती. त्याने रेखाचित्रांच्या जोड्या वापरल्या. पुढे डेव्हिड ब्रूस्टरने भिंगांचा आटोपशीर स्टिरिओस्कोप केला. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात तो राणी व्हिक्टोरियाला आवडला आणि युरोपच्या दिवाणखान्यांत जाऊन बसला. १८६१ मध्ये अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स याने हातात धरायचा स्वस्त नमुना बनवला आणि मुद्दाम पेटंट घेतले नाही. साडेतीन बाय सात इंचांचे स्टिरिओ कार्ड यानंतर जगभर पसरले.

मुंबई यात मागे नव्हती. १८५४ मध्येच इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नामांकित छायाचित्रकार. पण स्टिरिओच्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस मुंबईत नव्हता, तो अजिंठ्याच्या डोंगरात होता. मेजर रॉबर्ट गिल. मराठी वाचकाला तो पारोसोबतच्या प्रेमकथेमुळे आणि नितीन चंद्रकांत देसाई यांच्या 'अजिंठा' चित्रपटामुळे ठाऊक असतो. १८४४ पासून त्याने लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या मोठ्या नकला रंगवल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

नकला गेल्या, फोटो उरले. १८६४ साली लंडनमध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली आणि दोन्हींचा मजकूर वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने लिहिला. एक लेण्यांचे. दुसरे पश्चिम भारतातली वास्तुकला आणि निसर्ग यांच्या शंभर स्टिरिओ चित्रांचे. या दुसऱ्या पुस्तकाकडे नीट पाहिले की लक्षात येते, गिलने विषय किती अचूक निवडला होता. खांबांच्या रांगा, त्यांच्या मागे अंधारात गेलेला गाभारा, भिंतीतून अर्धवट बाहेर आलेली मूर्ती. सपाट फोटोत खांब आणि भिंत यांतला फरक केवळ छायेने कळतो. जोडीत तो अंतराने कळतो. शिवाय लेणे हलत नाही. ओल्या कलोडियनची काच जागेवरच संवेदनशील करून, ती वाळण्याआधी कॅमेऱ्यात घालून, लगेच धुऊन काढायची. मराठवाड्यातल्या उन्हात हे काम किती घाईचे असेल याची कल्पना करावी. तरी विषय स्वस्थ उभा होता, म्हणून ते जमले.

पुढचा टप्पा व्यापाराचा. अमेरिकेच्या अंडरवूड अँड अंडरवूड कंपनीसाठी जेम्स रिकाल्टन हा माजी शाळामास्तर भारतभर फिरला आणि १९०७ मध्ये स्टिरिओस्कोपमधून हिंदुस्थानची सहल घडवणारे त्याचे पुस्तक आले. पुढे सिनेमा आला, कार्डे अडगळीत गेली. १९३९ मध्ये व्ह्यू-मास्टर निघाला आणि आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी त्या गोल चकत्या खटका दाबून पाहिल्या. 'छोटा चेतन' आणि नंतर महेश कोठारे यांचा २०१३ चा 'झपाटलेला २' हे थ्री-डी चित्रपट या वाटेवरचेच. मात्र या साऱ्या प्रवासात निगेटिव्ह लहान होत गेली. स्टिरिओचा अर्थ 'गंमत' असा झाला.

अंतर किती ठेवायचे

स्टिरिओमध्ये खरा निर्णय कॅमेऱ्याचा नसतो. दोन लेन्समधल्या अंतराचा असतो. या अंतराला बेस म्हणतात. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण ६५ मिलिमीटर अंतर असते, म्हणून बेसही तेवढाच हवा असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात जुना हिशेब असा आहे: चौकटीतली सर्वांत जवळची वस्तू जितक्या अंतरावर, त्याच्या तिसाव्या भागाइतका बेस. दोन मीटरवरच्या माणसाला साडेसहा सेंटिमीटर, पंधरा मीटरवरच्या खांबाला अर्धा मीटर.

हा नियम नॉर्मल लेन्स आणि क्षितिजापर्यंत पसरलेले दृश्य धरून केलेला आहे. अधिक काटेकोर हिशेब निगेटिव्हवर करतात. ४×५ इंची फिल्मवर जवळची आणि लांबची वस्तू यांच्या जागेतला फरक दोन चित्रांमध्ये सुमारे ४ मिलिमीटरपर्यंत ठेवला तर डोळ्यांना त्रास होत नाही. मग १५० मिलिमीटरची लेन्स, जवळची वस्तू १५ मीटरवर आणि मागे क्षितिज असेल, तर बेस निघतो ४० सेंटिमीटर. कारध्याच्या काठावरून, पहिला खांब पंधरा मीटरवर ठेवून पुलाच्या रांगेकडे पाहताना हाच आकडा धरावा.

मात्र मागे क्षितिज नसेल तर गणित बदलते. दोन मीटरवर शिल्पाची भिंत आहे आणि उठाव फक्त वीस सेंटिमीटरचा. तिसाव्या भागाचा नियम साडेसहा सेंटिमीटर सांगेल, पण निगेटिव्हवरच्या हिशेबाने बेस अर्ध्या मीटरच्या पुढेही नेता येतो. इतका नेऊ नये, शिल्प फुगल्यासारखे दिसते. पण पंधरा-वीस सेंटिमीटर घेतले तर झिजलेल्या कोरीवकामातही जीव येतो. याच नदीच्या खालच्या अंगाला गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याची मंदिरे आहेत. तिथल्या बाह्यभिंतींसाठी हा सल्ला उपयोगी.

रीती तीन, अडचणी वेगवेगळ्या

पहिली रीत एका कॅमेऱ्यात दोन लेन्स बसवण्याची. ५×७ इंची कॅमेऱ्याच्या लेन्सबोर्डवर सारख्या दोन लेन्स, मधे भात्यात एक पडदा. एकाच फिल्मवर एकाच क्षणी दोन चित्रे मिळतात, धुलाई एकच, काळोख-उजेड आपोआप जुळतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र उलटे पडत असल्याने निगेटिव्ह सरळ केली की डावे-उजवे बदललेले असते. प्रिंट कापून त्यांची अदलाबदल केली नाही तर खोली उलटी होते, पुढचे मागे जाते. या रीतीची मर्यादा म्हणजे बेस आठ-नऊ सेंटिमीटरच्या पलीकडे जात नाही. माणसांचे फोटो, अंगण, दुकानाचा दर्शनी भाग यांना उत्तम. नदीला अपुरी.

दुसरी रीत दोन कॅमेरे शेजारी ठेवण्याची. ४×५ चे दोन कॅमेरे चिकटवून ठेवले तरी लेन्समधले अंतर पंधरा-वीस सेंटिमीटर होते, ८×१० चे तीस. म्हणजे जवळची वस्तू अनुक्रमे पाच-सहा आणि नऊ मीटरच्या पुढे हवी. दोन लेन्सवर १५० असे छापलेले असले तरी खरी फोकल लांबी किंचित वेगळी असू शकते. मग एक चित्र दुसऱ्यापेक्षा मोठे येते. दोन शटर एका दट्ट्याने सोडले तरी वेगवान एक्स्पोजरला ते नेमके एकत्र उघडत नाहीत. खर्च दुप्पट, ओझे दुप्पट. विषय हलता असून मोठा बेस हवा असेल तर मात्र याला पर्याय नाही.

तिसरी रीत गरिबाची आणि माझ्या मते मोठ्या कॅमेऱ्याला सर्वांत साजेशी: एकच कॅमेरा, एक चित्र डावीकडून, मग सरकवून दुसरे उजवीकडून. छोट्या बेससाठी स्टँडवर सरकपट्टी. भंडारा हे पितळेचे शहर; लेथ असलेला कारागीर अशी पट्टी करून देईल. मोठ्या बेससाठी जमिनीवर ताणलेली दोरी पुरते. दोरीला समांतर कॅमेऱ्याची पाठ ठेवायची, पाणसळीने पातळी पाहायची आणि स्टँड उचलून दुसऱ्या खुणेवर ठेवायचा. मोनोरेल कॅमेरा असेल तर स्टँड न हलवता लेन्स आणि फिल्म दोन्ही एकाच दिशेने सरकवूनही पाच-सहा सेंटिमीटरचा बेस मिळतो.

कोणतीही रीत घ्या, एक पथ्य अटळ आहे. दोन्ही वेळा कॅमेऱ्याचे तोंड समांतर हवे. मधल्या वस्तूकडे दोन्ही कॅमेरे थोडे वळवण्याचा मोह होतो. तसे केले की चौकटीच्या कडांना एका चित्रातली उभी रेष दुसऱ्यापेक्षा लांब होते आणि पाहणाऱ्याचे डोळे दुखतात. इथे मोठा कॅमेरा छोट्याच्या पुढे जातो. त्याला वळवावे लागत नाही, लेन्स बाजूला सरकवता येते. तसेच काठावरचे गवत. दोन मीटरवरचे एक पातेही चौकटीत आले तर ४० सेंटिमीटरचा बेस बिघडतो. छोट्या कॅमेऱ्याने ते टाळायला मान वर करावी लागते आणि पुलाचे खांब मागे झुकतात. मोठ्या कॅमेऱ्यात पाठ उभीच ठेवून लेन्स वर उचलली की गवत कटते, खांब सरळ राहतात.

हलणारे जग

एका कॅमेऱ्याच्या रीतीला शत्रू एकच: दोन चित्रांमधला वेळ. फिल्मचा होल्डर काढणे, उलटवणे, कॅमेरा सरकवणे, पुन्हा होल्डर घालणे; सरावाच्या हातालाही अर्धा-एक मिनिट जाते. तेवढ्यात सूर्य पाव अंश सरकतो, ही गोष्ट किरकोळ. ढग किरकोळ नाहीत. डावे चित्र आधी घेतले आणि ढग उजवीकडे सरकत असतील तर जोडीत ते क्षितिजाच्याही मागे जातात, आकाशाला भोक पडल्यासारखे दिसते. तेच ढग डावीकडे सरकत असतील तर पुढे येतात आणि ते खपून जाते. म्हणून आधी वारा पाहावा आणि कोणती बाजू पहिली घ्यायची ते ठरवावे.

पाण्याचे गणित वेगळे आहे. लाटांचा प्रत्येक चमकारा दोन चित्रांत वेगळ्या जागी असतो. डोळे त्यांना जोडू शकत नाहीत आणि पृष्ठभाग किरकिरतो. उपाय मोठ्या कॅमेऱ्याच्या स्वभावातच आहे. एफ/३२ किंवा एफ/४५ वर, सकाळच्या मंद उजेडात एक्स्पोजर काही सेकंदांचे होते, लाटा पुसल्या जातात, दोन्ही चित्रांत पाणी सारखेच गुळगुळीत येते. गोसीखुर्द धरणाचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत येत असल्याने पावसाळा सोडला तर कारध्याचे पाणी बरेचसे संथ असते. पूर मात्र या रीतीचा विषय नव्हे. तिथे दोन कॅमेरे हवेत, आणि छोटे.

इतके बारीक छिद्र का? खोलीच्या चित्रात धूसर भाग चालत नाही. नजर जिथे जाईल तिथे कड हवी. १५० मिलिमीटरची लेन्स एफ/३२ वर सात मीटरवर फोकस केली की साडेतीन मीटरपासून क्षितिजापर्यंत ढोबळ मानाने स्पष्ट येते. जोडी भिंगातून पाहायची असेल तर फोकस आणखी पुढे न्यावा, जवळचे काही गमवावे.

फिल्म, धुलाई आणि पाहणे

जुन्या स्टुडिओतल्या 'हाफ प्लेट' आणि 'फुल प्लेट' कॅमेऱ्यांची आठवण अजून विझलेली नाही. केरळात आलप्पुळा येथे बनलेले लाकूड-पितळेचे 'वागीश्वरी' कॅमेरे देशभर गेले. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' छाप मात्र बंद पडला तो पडलाच. आज शीट फिल्म परदेशातून येते आणि महाग पडते. म्हणून बरेच लोक एक्स-रे फिल्म कापून वापरतात. ती लाल दिव्यात हाताळता येते, ही मोठी सोय. तिच्या दोन्ही बाजूंना लेप असल्याने ओरखडे लवकर पडतात, ही गैरसोय. लाल रंग तिला दिसत नाही, म्हणून विटा आणि कौले काळपट येतात.

स्टिरिओसाठी दोन पथ्ये. जोडीच्या दोन्ही शीट एकाच तबकात, एकाच वेळी धुवाव्यात. एक गडद आणि एक फिकी झाली तर जोडीत वस्तूंवर खोटी चकाकी येते. आणि होल्डरच्या आतल्या कडेला कानशीने वेगवेगळी खाच पाडावी. ती फिल्मच्या काठावर उमटते आणि धुलाईनंतर डावे कोणते, उजवे कोणते हा गोंधळ राहत नाही.

पाहण्याचा प्रश्न बहुतेक जण शेवटी विचारात घेतात. तो आधी घ्यायला हवा. ४×५ ची काँटॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्हच्याच मापाची, बारा सेंटिमीटर रुंद. दोन शेजारी ठेवल्या तर त्यांतली सारखी ठिकाणे डोळ्यांच्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट लांब जातात आणि साध्या भिंगांतून त्या जुळत नाहीत. तीन वाटा उरतात. प्रिंट लहान करून होम्सच्या मापाचे कार्ड करणे. इथे कार्ड सुंदर होते, पण मोठ्या निगेटिव्हचा तपशील वाया जातो. स्कॅन करून फोनच्या पुठ्ठ्याच्या चष्म्यात किंवा लाल-निळ्या चष्म्यातून पाहणे. हे शाळेतल्या मुलांना दाखवायला छान. तिसरी वाट व्हीटस्टनच्या दोन आरशांची, आणि मोठ्या कॅमेऱ्याचे खरे घर तीच. ८×१० इंची कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स असली की तिच्या काँटॅक्ट प्रिंटचे योग्य पाहण्याचे अंतर तीस सेंटिमीटर, म्हणजे पुस्तक वाचण्याचे. भिंगाची गरजच नाही. दोन आरसे काटकोनात, दोन बाजूंना दोन प्रिंट. आरसा चित्र उलटवतो म्हणून प्रिंट काढतानाच निगेटिव्ह पालथी ठेवायची. विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या कुठल्याही खेळण्याने इतका तपशील दिलेला नाही.

पाहणे वेगळे, मोजणे वेगळे

मोठ्या फिल्मचे स्टिरिओ भारतात बंद पडले होते असे म्हणणे चुकीचे आहे. ते विमानात बसले होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे करणारे हवाई कॅमेरे २३ सेंटिमीटर चौरस फिल्म वापरत, आणि लागोपाठच्या दोन चित्रांत ६० टक्के भाग सामाईक ठेवत. तो सामाईक भाग आरशांच्या स्टिरिओस्कोपखाली धरला की डोंगर, नाले, बांध उभे राहतात. अशी हवाई चित्रे वाचायला शिकवणारी संस्था १९६६ मध्ये डेहराडूनला निघाली. ५ मे २००५ रोजी सुटलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाने तेच तत्त्व वर नेले: एक कॅमेरा २६ अंश पुढे पाहणारा, दुसरा ५ अंश मागे, तीच जमीन दोघांना सुमारे ५२ सेकंदांच्या फरकाने दिसते.

१५२ मिलिमीटरच्या लेन्सने घेतलेल्या हवाई जोडीत बेस उंचीच्या सुमारे ०.६ पट येतो. कार्टोसॅटचाही जवळपास तेवढाच. आपला तिसावा भाग याच्या तुलनेत अठरापट लहान. मोजणाऱ्याला मोठा बेस हवा, कारण चूक कमी होते. आणि उंचीच्या मानाने जमिनीचा चढउतार थोडा असल्याने डोळेही तो सोसतात. काठावर उभ्या माणसाला ती मुभा नाही.

पण मोठ्या फिल्मचा फायदा दोघांना सारखाच. निगेटिव्हवर ०.०२ मिलिमीटरचा फरक ओळखता येतो असे धरू. बेस ३० सेंटिमीटर, खांब ३० मीटरवर. ४×५ वर १५० मिलिमीटरच्या लेन्सने त्याच्या अंतरात सुमारे ४० सेंटिमीटरची अनिश्चितता राहते. तेवढेच दृश्य टिपणाऱ्या ४५ मिलिमीटर लेन्सच्या छोट्या फिल्म कॅमेऱ्यात ती १.३ मीटरच्या पुढे जाते. बेस एक मीटर केला तर मोठ्या कॅमेऱ्यात ती १२ सेंटिमीटरवर येते. खोली ही निगेटिव्हमध्ये साठवलेली माहिती आहे, आणि मोठ्या निगेटिव्हमध्ये ती जास्त मावते.

यावर आजचा तरुण म्हणेल की शंभर डिजिटल फोटो घेऊन संगणकावर पुलाची त्रिमितीय प्रतिकृती होते, मग हा खटाटोप कशाला? मोजमापच हवे असेल तर त्याचे बरोबर आहे. तिथे फिल्मचा हट्ट धरू नये. पण प्रतिकृती ही संगणकाने केलेली रचना असते. जोडी हा त्या क्षणाचा पुरावा असतो, आणि तो पाहायला वीज, प्रोग्रॅम, पासवर्ड काही लागत नाही. गिलच्या जोड्या दीडशेहून अधिक वर्षांनी आजही तशाच पाहता येतात.

आढाव्याचा निष्कर्ष सरळ आहे. हलती माणसे, जत्रा, पूर यांसाठी मोठ्या कॅमेऱ्याने स्टिरिओ करू नये. जे जागचे हलत नाही आणि उद्या राहील याची खात्री नाही, त्यासाठी याहून चांगले साधन नाही. कारध्याचा लहान पूल, पवनीच्या किल्ल्याचा दरवाजा, मार्कंड्याच्या भिंती या यादीत पहिल्या. ज्याच्याकडे जुना प्लेट कॅमेरा पडून आहे त्याने एक दोरी, एक पाणसळ आणि दोन शीट घेऊन सुरुवात करावी. प्रत्येक जोडीच्या पाकिटावर तारीख, लेन्स, बेस आणि जवळच्या वस्तूचे अंतर लिहावे, आणि चौकटीत एक मोजपट्टी उभी करावी. एवढे केले तर आज हौसेने काढलेली जोडी उद्या दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यालाही उपयोगी पडेल.